सवलतीतली इलेक्ट्रिक सायकल आणि पेटीवरची तारीख

भिवंडीच्या गोडाऊनमध्ये एखादी वस्तू स्वस्त होणार हे बाजाराच्या आधी आम्हाला कळतं. दुकानात ‘सेल’ची पाटी लागण्याच्या कितीतरी आधी आमच्या संगणकावर त्या मालापुढे ‘क्लिअरन्स’ असा शेरा पडलेला असतो. वळ गावाच्या बाजूला असलेल्या एका शेडमध्ये मी परत आलेल्या आणि पडून राहिलेल्या मालाची तपासणी बघते. आमच्याकडे या कामाला रिटर्न क्यूसी म्हणतात. पेटी उघडायची, आतली वस्तू चालते का ते बघायचं, ए, बी किंवा सी अशी ग्रेड लावायची, फोटो काढायचे आणि माल पुढच्या वाटेला लावायचा. मिक्सर, ट्रॉली बॅगा, ट्रेडमिल, हेडफोन असं सगळं या टेबलावरून गेलं आहे.

त्यामुळे शेजारपाजारचे, नात्यातले, शेडमधले लोक मला एकच प्रश्न विचारत असतात, “ताई, अमुक वस्तू अर्ध्या किमतीत मिळतेय, घेऊ का?” मिक्सरबद्दल विचारलं तर मी दोन मिनिटांत उत्तर देते. मोटर फिरवून बघते, भांडं बसवून बघते, झालं. पण आमच्याकडे एका नामांकित परदेशी नावाच्या इलेक्ट्रिक सायकलींचा लॉट क्लिअरन्सला निघाला आणि कामगारांनाही तो सवलतीत देऊ केला गेला, तेव्हा मला लगेच उत्तर देता आलं नाही. पॅकिंगच्या टेबलावर काम करणारा एक मुलगा रोज शांतीनगरहून येतो. एका बाजूचं अंतर सात-आठ किलोमीटर. आधी शेअर रिक्षा, मग दुसरी रिक्षा, मग चालणं. पगारातला चांगला मोठा तुकडा भाड्यातच जातो. त्याने पेटीवरची एमआरपी बघितली, ती लाखाच्या घरात होती. देऊ केलेला भाव बेचाळीस हजार होता. तो म्हणाला, “ताई, साठ हजार वाचतायत. उधार-उसनवार करून घेतो.”

त्याचे साठ हजार वाचत होते की बेचाळीस हजार जात होते, हे ठरवायला आम्हाला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी जे शिकले ते इथे सांगते, कारण असा प्रश्न आता भिवंडीतच नव्हे, सगळीकडे लोकांपुढे येतो आहे.

आधी आमच्या गावाबद्दल थोडं. जुनं यंत्र विकत घेण्यात भिवंडीचा हात धरणारं गाव विरळा. मुंबईच्या कापडगिरण्यांनी काढून टाकलेले माग इथे आले, भंगाराच्या भावात घेतले गेले आणि पुढे कित्येक वर्षं खडखडत राहिले. त्यांनी हजारो घरं चालवली. ते शक्य झालं, कारण मागाचा कुठलाही भाग मोडला तरी तो इथेच घडवणारा लोहार, टर्नर, जॉबर गल्लीत हजर होता. मागावर नाव कुठल्या परदेशी कारखान्याचं आहे याने काही अडत नव्हतं. पुढे काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, दापोडा, माणकोली या पट्ट्यात शेतांच्या जागी गाळे उभे राहिले. मुंबईच्या जकातनाक्याबाहेरचं गाव, नाशिक महामार्गाला लागून आणि न्हावाशेवा बंदराच्या आवाक्यात, म्हणून माल इथे उतरू लागला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, तरी गोडाऊनं हलली नाहीत, उलट मोठी होत गेली. देशभरच्या दुकानांचा आणि ऑनलाइन कंपन्यांचा माल आज इथल्या रॅकवर असतो. त्यात न खपलेला, परत आलेला, मॉडेल बदलल्यामुळे मागे पडलेला मालही असतोच.

म्हणून सवलतीची वस्तू समोर आली की मी पहिला प्रश्न हाच विचारते, ही स्वस्त का झाली? सवलतीमागे नेहमी काहीतरी कारण असतं आणि ते कागदावर सापडतं. मॉडेल बदललं असेल तर वस्तू चांगली असते, फक्त जुन्या रंगाची. गिऱ्हाइकाने परत केलेली असेल तर ‘ओपन बॉक्स’. कारखान्यातून दुरुस्त होऊन आलेली असेल तर ‘रिफर्बिश्ड’. वाहतुकीत आपटलेली असेल तर पेटीचा कोपरा आणि आतला फोम बोलतो. पावसाळ्यात कामवारी नदीचं पाणी पसरतं, सखल गाळ्यांत शिरतं. विमा कंपनीने भरपाई देऊन मोकळा केलेला तो माल ‘सॅल्वेज’ म्हणून विकला जातो. असा माल ओळखायचा तर फोमच्या खालच्या बाजूला मातीची रेघ शोधावी, स्क्रूच्या डोक्यावर गंज बघावा. शेवटचं कारण असतं कंपनीनेच हा धंदा आवरता घेतल्याचं. आमच्या लॉटच्या बाबतीत मालकाकडून एवढंच कळलं की आयातदाराने हे उत्पादन बंद केलं आहे आणि सायकली बराच काळ रॅकवर होत्या. इतर मालाच्या बाबतीत मी यावर समाधान मानलं असतं. सायकलीत बॅटरी होती, म्हणून मानलं नाही.

तांदूळ जुना झाला तर त्याचा भाव वाढतो, मेथीची जुडी मात्र सकाळची संध्याकाळी उतरते. इलेक्ट्रिक सायकलीची चौकट तांदळाच्या जातीची आहे आणि बॅटरी मेथीच्या. लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. आतली रासायनिक झीज थांबत नाही. उष्णता जास्त असेल आणि बॅटरी पूर्ण भरून ठेवलेली असेल तर ती आणखी वेगाने होते. म्हणूनच साठवताना बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवावी, थंड जागी ठेवावी आणि दर काही महिन्यांनी तिचा व्होल्टेज बघावा, असं माहितीपुस्तिकांत लिहिलेलं असतं. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात वरच्या रॅकवर उभं राहवत नाही. त्याच रॅकवर या पेट्या होत्या.

शेडमध्ये फोर्कलिफ्टच्या बॅटऱ्या बघायला येणारे एक काका आहेत. त्यांनी मला मल्टिमीटर धरायला शिकवलं. ३६ व्होल्टच्या बॅटरीत दहा सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी ४२ व्होल्ट. तीसच्या आसपास ती रिकामी समजायची. बॅटरीच्या आत एक छोटं सर्किट असतं, त्याला बीएमएस म्हणतात. ते सेलची राखण करतं, पण राखण करता करता स्वतःही थोडी वीज पीत राहतं. सायकल पेटीत झोपलेली असते तेव्हाही ते जागं असतं. त्यामुळे दोन-दोन वर्षं कोणी चार्ज न केलेली बॅटरी हळूहळू तळाला जाते. एका सेलचा व्होल्टेज फार खाली जाऊन बराच काळ तसाच राहिला तर आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळायला लागतो. अशी बॅटरी पुन्हा भरली तर ते तांबं नको तिथे जमतं आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती राहते. काका म्हणाले, “झोपलेली बॅटरी जोर लावून उठवून देणारे लोक बाजारात पुष्कळ आहेत. उठते पण. तिला घरात घेऊ नकोस.”

आम्ही लॉटमधल्या बॅटऱ्या एकेक करून मोजल्या. काही पस्तीस-छत्तीसवर होत्या, काही तिसाच्या खाली, काही मीटरवर काहीच दाखवत नव्हत्या. पेट्या बाहेरून सगळ्या सारख्या, सीलबंद, नव्या कोऱ्या. किंमतही सगळ्यांची एकच. इथे मला या व्यवहारातली खरी गोम कळली. ग्राहकाला सवलत चौकटीवर दिसते, पण झीज झालेली असते बॅटरीची, आणि तिच्याबद्दल पाटीवर एक अक्षर नसतं.

पेटीवर मात्र असतं. वेष्टनबंद वस्तूंच्या वजनमाप नियमांनुसार पेटीवर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. जुन्या आयात मालावर काही वेळा तो महिना आयातीचा असतो, सेल त्याहून जुने असू शकतात. म्हणून पेटी बघून थांबू नये. बॅटरीच्या खालच्या बाजूला तिचं स्वतःचं लेबल असतं, त्यावर क्रमांक आणि बहुतेक वेळा तारीख असते. मी त्या मुलाला म्हटलं, “आधी हे वाच. सायकलचा रंग नंतर बघू.”

आता नावाबद्दल. त्या मुलाला सगळ्यात जास्त भुरळ पडली होती ती नावाची. चौकटीवर ज्या घराण्याचं नाव होतं ते त्याने फक्त मोठ्या गाड्यांवर पाहिलं होतं. पण वाहन जगात नाव आणि बनवणारा हात पुष्कळदा वेगळे असतात. डुकाटीच्या नावाच्या घडीच्या इलेक्ट्रिक सायकली एमटी डिस्ट्रिब्युशन नावाची इटालियन कंपनी परवाना घेऊन बाजारात आणत आली. हार्ले-डेव्हिडसनने २०२० मध्ये ‘सीरियल वन’ नावाने इलेक्ट्रिक सायकली आणल्या आणि २०२३ मध्ये तो ब्रँड दुसऱ्या कंपनीला विकून टाकला. नाव मोठं असणं आणि उद्या सुटा भाग मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडचं उदाहरण आणखी जवळचं आहे. २०१० मध्ये हीरोच्या मुंजाल कुटुंबात वाटणी झाली. लुधियानाची हीरो सायकल्स ‘लेक्ट्रो’ नावाने इलेक्ट्रिक सायकली काढते. मोटारसायकलींची हीरो मोटोकॉर्प ‘विडा’ स्कूटर काढते. हीरो इलेक्ट्रिक ही तिसरीच कंपनी. तिच्याविरुद्ध डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करायला मंजुरी दिली. तीन ठिकाणी नाव ‘हीरो’च, पण दुरुस्तीला कुठे जायचं याची उत्तरं तीन.

महाग सायकलीचा धोका किती खोल असतो हे नेदरलँड्समधल्या लोकांनी अनुभवलं. आम्स्टरडॅमची व्हॅनमूफ ही देखण्या इलेक्ट्रिक सायकलींसाठी नावाजलेली कंपनी जुलै २०२३ मध्ये दिवाळखोर झाली. तिच्या सायकली मोबाइलमधल्या ॲपशी जोडलेल्या होत्या. कंपनीचे सर्व्हर बंद पडले तर आपल्याच सायकलची किल्ली आपल्याला मिळणार नाही, अशी धास्ती मालकांना पडली. शेवटी काउबॉय या प्रतिस्पर्धी बेल्जियन कंपनीने ती डिजिटल किल्ली फोनमध्ये जपून ठेवणारं ॲप काढलं. ऑगस्टअखेर एका ब्रिटिश कंपनीने व्हॅनमूफ विकत घेतली, पण मधल्या काळात ग्राहकांना जो घोर लागला तो लागलाच. तिथे असं होऊ शकतं तर आयातदाराने हात आखडते घेतलेल्या सायकलीचं भिवंडीत काय होईल, हा प्रश्न विचारायलाच हवा.

आमच्या लॉटमध्ये दोन प्रकार होते. पहिल्या प्रकारात मोटर पायडलच्या जागी, मधोमध. त्याला टॉर्क सेन्सर होता, म्हणजे तुम्ही पायाने जितका जोर द्याल त्या प्रमाणात मोटर साथ देते. चढावर ही सायकल फारच सुरेख चालते, मी स्वतः शेडच्या आवारात चालवून बघितली. ब्रेक तेलावरचे, म्हणजे हायड्रॉलिक. पण बॅटरी, मोटर आणि डिस्प्ले एकमेकांशी सांकेतिक भाषेत बोलतात. त्याच कंपनीची बॅटरी नसेल तर मोटर सुरूच होत नाही. ती बॅटरी भारतात मिळेल का, हे विचारायला मी पेटीवरच्या संपर्कावर फोन लावला. उत्तर मिळालं नाही.

दुसरा प्रकार साधा. मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात, ब्रेक तारेचे डिस्क, पुढे-मागे २७.५ इंची चाकं. बॅटरी ३६ व्होल्ट, ७.८ अँपिअर-अवर. याचा गुणाकार केला की सुमारे २८० वॅट-अवर होतात. पायाची साथ असेल तर एका किलोमीटरला दहा-बारा वॅट-अवर लागतात, म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरचा हिशेब. त्या मुलाचं जाणं-येणं त्यात बसत होतं, बॅटरी थोडी थकली तरी. मुख्य म्हणजे अशा बॅटरीचा जोड साधा दोन तारांचा असतो. त्याच व्होल्टेजची, योग्य मापाची आणि चांगल्या बीएमएसची बॅटरी उद्या दुसऱ्या ठिकाणाहून बसवता येते.

त्याला पहिला प्रकार आवडला होता. कोणालाही आवडला असता. त्याच्या चौकटीवर नाव मोठ्या अक्षरांत होतं, तारा बाहेर दिसत नव्हत्या.

मग आम्ही रस्त्याचा विचार केला. आमच्याकडचा रस्ता म्हणजे कंटेनर, खड्डे आणि कामं. त्या दिवसांत चाललेलं माजिवडा ते वडपे महामार्गाचं रुंदीकरण, मेट्रो ५ चं काम, आणि पावसाळ्यात खड्ड्याची खोली दाखवू न देणारं पाणी. अशा रस्त्यावर वीस इंची घडीची सायकल चाकासकट खड्ड्यात जाते. मोठं चाक आणि जाड टायर हेच बरं. शिवाय वेगाचा प्रश्न आहे. आपल्या मोटार वाहन नियमांत २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असेल तर अशा बॅटरीच्या वाहनाला नोंदणी, लायसन्स लागत नाही. काही दुकानदार ही मर्यादा काढून देतात. तसं केलं की ते वाहन बेकायदा ठरतं आणि अपघात झाला तर विमा नाही, कागद नाही. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा फेरफार केलेल्या ई-बाइकविरुद्ध मोहीमही काढली होती. ताशी पंचवीसच्या वेगाने महामार्गावर कंटेनरच्या बाजूने जाणं मला मान्य नाही. म्हणून मी त्याला आतल्या रस्त्याने येऊन जाऊन बघायला सांगितलं, आधी साध्या सायकलवर. तो आठवडाभर भावाच्या सायकलवर आला. कुठे अंधार असतो, कुठे कुत्री अंगावर येतात, कुठे उतरावं लागतं, सगळं त्याला कळलं.

त्यानंतर घर. तो चाळीत राहतो, एका खोलीत पाच माणसं. वीज भाडेकरूंच्या सबमीटरवर, युनिटमागे मालक सांगेल तो दर. २००७ पासून आमच्याकडे महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर वीज देते, पण चाळीच्या आतला दर चाळमालकाचा असतो. तो कितीही धरला तरी एवढी छोटी बॅटरी भरायला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही, त्यामुळे खर्चाची काळजी नव्हती. मला काळजी होती जागेची. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा रात्री स्फोट झाला आणि सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. वसई आमच्यापासून लांब नाही. त्या वर्षी देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर नोंदणी लागणाऱ्या इलेक्ट्रिक दुचाकी-तिचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक करण्यात आलं. त्याचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ ला आणि दुसरा ३१ मार्च २०२३ ला लागू झाला. सवलतीत स्कूटर घेणाऱ्याने ती या तारखांच्या आधीची आहे की नंतरची, हे बघितलंच पाहिजे. सायकलवाल्याने एवढं तरी पाळावं. माणसं झोपलेली असताना चार्जिंग नको, दाराच्या वाटेत नको, गादी-कपड्यांजवळ नको, आणि चार्जर फक्त त्या बॅटरीचाच. त्या मुलाच्या बाबतीत उपाय सोपा निघाला. बॅटरी काढता येणारी असल्याने ती शेडमध्ये, सिक्युरिटीच्या नजरेसमोर, दिवसा चार्ज करायची. मालकाने परवानगी दिली.

इतकं झाल्यावर आम्ही कागद घेऊन बसलो. हिशेब मी असा मांडला. सवलतीतल्या सायकलीच्या भावात एका नव्या बॅटरीची किंमत आधीच मिळवायची, कारण ती आज ना उद्या घ्यावीच लागणार, आणि पडून राहिलेल्या मालात ‘उद्या’ लवकर येतो. सुट्या लिथियम बॅटरीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तर अख्ख्या इलेक्ट्रिक वाहनावर ५ टक्के. त्यामुळे सुटी बॅटरी कायम महाग पडते. आम्ही कल्याणला आणि ठाण्याला दुकानांत विचारलं. साध्या प्रकाराला बसेल अशी बॅटरी पंधरा हजारांच्या आसपास सांगितली गेली. मग बेचाळीस अधिक पंधरा, म्हणजे सत्तावन्न हजार. दुसऱ्या बाजूला पुण्याच्या, लुधियानाच्या कंपन्यांच्या नव्या, वॉरंटीच्या, जवळ दुकान असलेल्या इलेक्ट्रिक सायकली तीस-पस्तीस हजारांपासून होत्या. म्हणजे अर्ध्या किमतीतली वाटणारी सायकल खरं तर वीस हजारांहून जास्त महाग होती. मधल्या मोटरवाल्या प्रकाराचा हिशेब मांडताच आला नाही, कारण तिच्या बॅटरीला भावच मिळाला नाही. जिच्या बॅटरीचा भाव सांगता येत नाही ती सायकल घेऊ नये, असं मी त्याला स्पष्ट सांगितलं.

तो थोडा हिरमुसला. म्हणाला, “पण ताई, चौकट किती चांगली आहे.” चौकट चांगली होतीच. ॲल्युमिनियमचं जोडकाम, गिअर, ब्रेक, सगळं वरच्या दर्जाचं. म्हणून मी मालकाकडे गेले आणि मीटरवर घेतलेले सगळे आकडे त्यांच्यापुढे ठेवले. म्हटलं, “साहेब, या बॅटऱ्यांची किंमत धरून भाव सांगू नका. काही शून्यावर आहेत. त्या विकल्या आणि कोणाच्या घरात काही झालं तर?” मालक माणूस व्यवहारी, पण विचारी. त्यांनी शून्यावरच्या आणि तिसाच्या खालच्या बॅटऱ्या वेगळ्या काढून ई-कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडे पाठवायला सांगितल्या. साध्या प्रकारातल्या सायकली बॅटरीसह आणि बॅटरीशिवाय अशा दोन भावांत विकायला काढल्या. बॅटरीशिवायचा भाव अठरा हजार झाला.

त्या मुलाने ती घेतली. ज्यांचा व्होल्टेज चांगला होता त्यांतली बॅटरी न घेता त्याने नवीच बसवली, पावतीवर, वर्षभराच्या वॉरंटीने. सगळे मिळून तेहतीस हजार झाले. परदेशी नावाची सायकल त्याला मिळाली, पण देशी सायकलीच्या भावात, आणि आत बॅटरी ताजी. आमच्या नाक्यावरचा सायकलवाला तिचे ब्रेक लावून देतो, पंक्चर काढतो. मधल्या मोटरच्या सायकली नंतर कोणी व्यापारी घेऊन गेला. त्या आता कुठेतरी ‘सत्तर टक्के सूट’ अशी पाटी लावून उभ्या असतील, म्हणून हे लिहायची घाई आहे.

मोठ्या गाड्यांच्या बाबतीतही हिशेब असाच करावा. इलेक्ट्रिक स्कूटरची किंमत उतरते तेव्हा त्यातला काही भाग सरकारी अनुदानाचा असू शकतो. फेम-२ योजनेतलं अनुदान १ जून २०२३ पासून कापलं गेलं, ३१ मार्च २०२४ ला योजना संपली, पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह आली. अशा प्रत्येक तारखेच्या तोंडावर ‘शेवटची संधी’च्या जाहिराती येतात. त्या घाईत दुरुस्तीचं कोणी विचारत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सणासुदीच्या सवलती जोरात असताना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला इलेक्ट्रिकला नोटीस दिली होती. वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर त्या कंपनीबद्दल दहा हजारांहून जास्त तक्रारी आल्या होत्या. कंपनीने बहुतेक तक्रारी सोडवल्याचं कळवलं. कंपनी कोणतीही असो, गाडी घेण्याआधी तिच्या सर्व्हिस सेंटरवर एकदा सकाळी जाऊन उभं राहावं. बाहेर किती गाड्या ताटकळत आहेत आणि लोक काय बोलत आहेत, हे तिथे दहा मिनिटांत कळतं.

माझं मत असं. नामांकित ब्रँडची सवलतीतली इलेक्ट्रिक सायकल किंवा बाइक घेण्यासारखी असू शकते, पण चार गोष्टी जुळल्या तरच. बॅटरीवरची तारीख ताजी हवी. तशीच दुसरी बॅटरी इथे, आपल्या भागात, ठरलेल्या भावात मिळायला हवी. वॉरंटी तुमच्या पावतीच्या तारखेपासून आणि लेखी हवी. आणि बॅटरीची किंमत मिळवूनही ती नव्या देशी गाडीपेक्षा स्वस्त हवी. यातली एक जरी जुळत नसेल तर नाव कितीही मोठं असो, तिकडे पाठ फिरवा. रोज कामाला जाण्यासाठी वाहन घेणाऱ्या माणसाला त्याच्या हप्त्यांपेक्षा जास्त दिवस टिकणारं वाहन मिळालं पाहिजे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. पावती आणि बॅटरीच्या लेबलाचा फोटो जपून ठेवा.

माझ्यासारख्या गोडाऊनमध्ये काम करणाऱ्यांना आणि मालकांना एक विनंती आहे. बॅटरीचा माल आला की त्याला वरच्या तापणाऱ्या रॅकवर टाकू नका. तीन महिन्यांनी एकदा व्होल्टेज मोजा, पेटीवर तारखेसह लिहा, गरज असेल तर निम्मं चार्ज करा. क्लिअरन्सला काढताना तो आकडा किमतीच्या शेजारी छापा. आमच्या शेडमध्ये आता हा नियम केला आहे, आणि त्यासाठी लागतो तो फक्त एक मल्टिमीटर.